नवजात श्रवण तपासणी

नवजात श्रवण तपासणी म्हणजे बाळाच्या जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत, शक्यतो ते प्रसूतिगृहातून घरी जाण्यापूर्वी, त्याच्या दोन्ही कानांच्या श्रवणक्षमतेची यंत्राच्या साहाय्याने केली जाणारी प्राथमिक चाचणी होय. जन्मजात श्रवणदोष लवकर ओळखणे आणि बाळाच्या भाषाविकासाचा काळ वाया जाण्यापूर्वी उपचार सुरू करणे, हा तिचा हेतू आहे. या चाचणीने रोगनिदान होत नाही. पुढील सखोल तपासणी कोणत्या बाळांची करावयाची, एवढेच तीवरून ठरते.

भारतात ही तपासणी कायद्याने बंधनकारक नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आणि राष्ट्रीय बधिरत्व प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम यांत तिचा समावेश आहे. मात्र प्रत्येक प्रसूतिगृहात ती होतेच असे नाही. या क्षेत्रातील राष्ट्रीय संस्था मुंबई उपनगर जिल्ह्यात, वांद्रे येथे असल्यामुळे प्रस्तुत लेखातील स्थानिक तपशील मुख्यतः मुंबईच्या उपनगरांतील आहेत.

गरज

दर हजार नवजात बालकांमागे एक ते दोन बालकांच्या दोन्ही कानांत लक्षणीय श्रवणदोष असतो, असे सामान्यतः मानले जाते. भारतातील काही पाहण्यांत हे प्रमाण याहून अधिक आढळले आहे. नवजात अतिदक्षता विभागात राहिलेल्या बालकांत ते कित्येक पटींनी वाढते. वर्षाला दहा हजार प्रसूती होणारा एखादा परिसर घेतला, तर तेथे दरवर्षी किमान दहा ते वीस बाळे अशी जन्मतात की ज्यांना आईचा आवाज नीट पोहोचत नाही. भारताच्या २०११ च्या जनगणनेत श्रवणविषयक विकलांगता असलेल्या व्यक्तींची संख्या सुमारे ५०.७ लाख नोंदली गेली.

हा दोष डोळ्यांना दिसत नाही, ही खरी अडचण आहे. कर्णबधिर बाळ रडते, हसते, आईकडे पाहते. पहिले काही महिने ते इतर बाळांप्रमाणे हुंकारही देते. दार आपटल्यावर ते दचकते, कारण त्याला हादरा जाणवतो. सहा-आठ महिन्यांनंतर त्याची बडबड वाढण्याऐवजी कमी होऊ लागते, तेव्हा घरातील एखाद्याला शंका येते. पण ‘याचे वडीलही तीन वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते’ या दाखल्याने तिचे समाधान केले जाते. त्यामुळे तपासणी झालेली नसेल, तर दोष दोन-तीन वर्षांच्या वयात, आणि अंशतः असेल तर शाळेत गेल्यावरच लक्षात येतो.

श्रवणेंद्रियाची घडण गर्भावस्थेतच पूर्ण होत आलेली असते आणि शेवटच्या तिमाहीत गर्भ ध्वनीला प्रतिसाद देतो. जन्मल्यानंतर दोन-तीन दिवसांतच बाळ आईचा आवाज इतर स्त्रियांच्या आवाजापासून वेगळा ओळखते, असे १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसून आले. अभिमन्यूच्या कथेचा आधार न घेताही असे म्हणता येईल, की बाळाचे भाषाशिक्षण जन्माच्या वेळी आधीच सुरू झालेले असते. मेंदूतील श्रवणाशी निगडित भागांची जडणघडण पहिल्या तीन वर्षांत सर्वाधिक वेगाने होते आणि तीसाठी ध्वनीचा सतत पुरवठा आवश्यक असतो. तो न मिळाल्यास त्या भागांचा उपयोग मेंदू इतर कामांसाठी करू लागतो. पुढे कितीही चांगले यंत्र बसवले तरी ही उणीव पूर्णपणे भरून येत नाही.

अमेरिकेतील कोलोरॅडो येथील क्रिस्टीन योशिनागा-इटानो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने या विचाराला भक्कम आधार दिला. ज्या मुलांचा श्रवणदोष सहा महिन्यांच्या आत ओळखला जाऊन उपचार सुरू झाले, त्यांची भाषा उशिरा निदान झालेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे सरस होती. दोषाची तीव्रता किती, यापेक्षा निदान केव्हा झाले, हा घटक अधिक निर्णायक ठरला.

कारणे व जोखमीचे घटक

जन्मजात श्रवणदोषाची निम्म्याहून अधिक प्रकरणे आनुवंशिक असतात. त्यांतील बहुसंख्य बालकांचे आईवडील दोघेही नीट ऐकणारे असतात. दोष निर्माण करणारे जनुक दोघांकडूनही आले तरच तो मुलात प्रकट होतो. ‘आमच्या घराण्यात कोणी बहिरे नाही’ हे विधान म्हणूनच निश्चिंत होण्यास पुरेसे नाही. जवळच्या नात्यातील विवाहांत ही शक्यता वाढते. महाराष्ट्राच्या अनेक भागांत रूढ असलेले आते-मामे भावंडांमधील विवाह या संदर्भात लक्षात घ्यावे लागतात.

इतर कारणांत गर्भारपणी आईला झालेला रुबेला किंवा सायटोमेगॅलो विषाणूचा संसर्ग, जन्मतः गुदमरणे, अतिशय कमी वजन, रक्त बदलावे लागेल इतकी तीव्र कावीळ, मेंदूज्वर आणि जेंटामायसिन, अमिकासिन यांसारख्या प्रतिजैविकांचा कानावर होणारा परिणाम यांचा समावेश होतो. यांपैकी रुबेला लसीने टाळता येतो. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये गोवर-रुबेला लसीकरणाची व्यापक मोहीम सुरू झाली आणि आता ही लस नियमित वेळापत्रकात आहे. मुलांमधील सुमारे ६० टक्के श्रवणदोष टाळता येण्याजोग्या कारणांमुळे होतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

केवळ जोखमीच्या गटातील बाळे तपासावीत, असा एक काटकसरीचा मार्ग सुचवला जातो. परंतु श्रवणदोष असलेल्या बालकांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या बाबतीत जोखमीचा कोणताही घटक आढळत नाही. साधने अपुरी असतील तेथे हा मार्ग पत्करावा लागतो; तो पुरेसा मात्र मानता येत नाही.

पद्धती

पहिली पद्धत कर्णजन्य ध्वनी-उत्सर्जन चाचणी ही होय. तिला रुग्णालयांत ‘ओएई’ असे म्हणतात. निरोगी कर्णशंखातील बाह्य केशपेशी ध्वनी ग्रहण करताना स्वतःही अतिशय क्षीण ध्वनी निर्माण करतात, हे लंडन येथील डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये दाखवून दिले. बाळाच्या कानात मऊ टोपणाची छोटी नळी बसवून तीतून टिकटिक असे ध्वनी सोडले जातात आणि कानातून परत येणारा ध्वनी सूक्ष्म ध्वनिग्राहकाने टिपला जातो. बाळ दूध पिऊन झोपलेले असल्यास काही मिनिटांत काम होते. सुई, भूल किंवा औषध लागत नाही.

दुसरी पद्धत श्रवण मस्तिष्कस्तंभ प्रतिसाद चाचणी. ती ‘बेरा’ या नावाने अधिक परिचित आहे. यात कपाळावर व कानामागे विद्युत्‌अग्रे चिकटवून, ध्वनी ऐकवल्यावर श्रवणचेता व मस्तिष्कस्तंभ यांत उठणारे विद्युत्‌संकेत नोंदले जातात. कर्णशंख शाबूत असूनही चेतेचे वहन बिघडलेले असल्यास पहिली चाचणी उत्तीर्ण होते, परंतु ‘बेरा’मध्ये दोष उघड होतो. म्हणून पाच दिवसांहून अधिक काळ अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळांसाठी ‘बेरा’ आवश्यक मानली जाते.

प्राथमिक तपासणीचा निकाल ‘पास’ किंवा ‘रेफर’ अशा दोन शब्दांत येतो आणि गैरसमजाची सुरुवात येथूनच होते. ‘रेफर’ म्हणजे बाळ बहिरे आहे असे नव्हे. जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत कर्णनलिकेत गर्भावस्थेतील चिकट द्रव्य असते; बाळ हलते, खोलीत गोंगाट असतो. अशा कारणांनी ‘रेफर’ झालेल्या बाळांपैकी बहुतेक फेरतपासणीत उत्तीर्ण होतात. हे पालकांना नीट सांगितले नाही, तर एक तर घरात आकांत होतो किंवा ‘यंत्रच बिघडलेले असेल’ म्हणून कागद फाइलमध्ये राहून जातो. दुसरी शक्यता बाळाच्या दृष्टीने अधिक घातक आहे.

एक-तीन-सहा सूत्र

अमेरिकेतील बाल-श्रवणविषयक संयुक्त समितीने पुरस्कारलेले आणि जगभर स्वीकारले गेलेले सूत्र असे: एक महिन्याच्या आत प्राथमिक तपासणी, तीन महिन्यांच्या आत निश्चित निदान आणि सहा महिन्यांच्या आत श्रवणयंत्र व उपचारांचा आरंभ. २०१९ मध्ये या समितीने, जेथे हे साधले आहे तेथे एक-दोन-तीन महिन्यांचे उद्दिष्ट ठेवावे, असे सुचवले.

इतिहास

अमेरिकेत डेन्व्हर येथे मॅरियन डाउन्स यांनी १९६० च्या दशकात रुग्णालयातील नवजात बाळांना मोठा ध्वनी ऐकवून त्यांच्या हालचाली टिपण्याचा प्रयोग केला. त्यांची पद्धत पुरेशी विश्वसनीय नव्हती. कल्पना मात्र टिकली. ‘ओएई’ व ‘बेरा’ यांची सुटसुटीत यंत्रे आल्यावर १९९३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरवलेल्या तज्ज्ञपरिषदेने सर्व नवजात बालकांच्या तपासणीची शिफारस केली. इंग्लंडमध्ये २००१ पासून टप्प्याटप्प्याने राष्ट्रीय कार्यक्रम लागू झाला.

भारतात केरळमधील एर्नाकुलम जिल्ह्यात २००३ मध्ये सुरू झालेला उपक्रम उल्लेखनीय आहे. प्रत्येक लहान प्रसूतिगृहाने यंत्र विकत घेण्याऐवजी एक प्रशिक्षित व्यक्ती यंत्रासह ठरलेल्या दिवशी रुग्णालयांत फिरते आणि ‘रेफर’ झालेल्या बाळांची पुढील तपासणी एका केंद्रात होते, अशी ती रचना होती. गल्लोगल्ली पाच-दहा खाटांची खासगी प्रसूतिगृहे असलेल्या शहरांना ती सहज जुळते. राष्ट्रीय बधिरत्व प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम २००६-०७ मध्ये काही जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघर येथून झाला. जन्म ते १८ वर्षे वयोगटात तपासावयाच्या ३० आरोग्य-अवस्थांत जन्मजात बधिरत्वाचा समावेश आहे. या कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा व शाळांत एकदा तपासणी करतात.

मुंबईची उपनगरे

वांद्रे पश्चिम येथील रेक्लमेशन भागात अली यावर जंग राष्ट्रीय वाक्‌-श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. ९ ऑगस्ट १९८३ रोजी स्थापन झालेल्या या केंद्रीय संस्थेस १९७१ ते १९७६ या काळात महाराष्ट्राचे राज्यपाल असलेल्या अली यावर जंग यांचे नाव देण्यात आले. (वांद्रे पूर्वेतील, हजारो वाहनचालक रोज वापरतात त्या मार्गालाही त्यांचेच नाव आहे, पण ते फारसे कोणी उच्चारत नाही.) श्रवणचाचण्या, श्रवणयंत्रे, वाचोपचार, शाळापूर्व शिक्षण आणि या क्षेत्रातील तज्ज्ञांचे प्रशिक्षण ही कामे येथे चालतात. जून २०२१ मध्ये देशात सुरू झालेल्या १४ बहुविकलांगता शीघ्र हस्तक्षेप केंद्रांपैकी एक याच संस्थेत आहे. मुंबई शहरात नायर रुग्णालयाशी संलग्न असलेली वाक्‌-श्रवण शिक्षणाची शाळाही देशातील जुन्या शाळांपैकी एक आहे. उपनगरांतील विशेष शाळांपैकी चेंबूर येथील रोचिराम थधानी विद्यालय परिचित आहे. कर्णशंख रोपणाची शस्त्रक्रिया भारतात रुजवणाऱ्यांत मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने यांची गणना होते. त्यांना २०१४ मध्ये पद्मश्री प्राप्त झाली.

तज्ज्ञता एवढी जवळ असूनही बाळे उशिरा का पोहोचतात, हा प्रश्न उपनगरांच्या बाबतीत महत्त्वाचा ठरतो. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ९३ लाखांहून अधिक होती. येथील प्रसूती विलेपार्ल्याचे कूपर, घाटकोपरचे राजावाडी, कांदिवलीचे शताब्दी यांसारखी महापालिकेची रुग्णालये, पालिकेची प्रसूतिगृहे, मोठी खासगी रुग्णालये आणि असंख्य छोटी खासगी प्रसूतिगृहे यांत विभागलेल्या असतात. नैसर्गिक प्रसूतीनंतर खाटेची निकड असल्याने माता व बाळ लवकर घरी पाठवले जातात. चाचणी जन्मानंतर २४ ते ४८ तासांनी केल्यास निकाल अधिक विश्वसनीय येतो, त्यामुळे तिच्यासाठी मिळणारा अवधी थोडा असतो.

याहून नाजूक भाग घरी गेल्यानंतरचा. मराठी कुटुंबांत पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. मुलुंड किंवा बोरिवलीत राहणारी स्त्री सातव्या-आठव्या महिन्यात रत्नागिरी, सातारा किंवा जळगावकडे जाते आणि बाळ दोन-तीन महिन्यांचे झाल्यावर परतते. जन्माची नोंद एका गावी, लसीकरण दुसरीकडे, राहणे तिसरीकडे. मुंबईतच प्रसूती झाली, तरी सव्वा महिना बाळंतिणीने घराबाहेर पडू नये हा संकेत बऱ्याच घरांत पाळला जातो. ‘पंधरा दिवसांनी फेरतपासणीला या’ ही सूचना नेमकी या काळात येते. भाड्याची खोली अकरा महिन्यांच्या कराराने बदलणाऱ्या कुटुंबांचा पत्ताही टिकत नाही. परिणामी ‘रेफर’ झालेल्या बाळांपैकी काही दुसऱ्या तपासणीला येतच नाहीत. तपासणी कार्यक्रमाचे यश मोजताना किती बाळांच्या कानाला यंत्र लावले हा आकडा सहसा पुढे केला जातो. त्यापेक्षा ‘रेफर’ झालेल्या बाळांपैकी किती निदानापर्यंत पोहोचली, हा आकडा अधिक बोलका असतो.

यावर एक साधा उपाय रूढ वेळापत्रकातच दडलेला आहे. लसीकरणाची दुसरी खेप सहा आठवड्यांनी येते, म्हणजे सव्वा महिना उलटल्यावर लगेच. या दिवशी बाळ आरोग्य केंद्रात येतेच. फेरतपासणी त्याच दिवशी, त्याच इमारतीत ठेवल्यास वेगळी खेप वाचते. लसीकरणाच्या कार्डावर श्रवण तपासणीचा निकाल नोंदला, तर बाळ गाव बदलले तरी माहिती त्याच्याबरोबर जाते. घरभेटी देणाऱ्या आरोग्यसेविकांना कार्डावरील ही एक नोंद पाहण्यास सांगणे, यासाठी यंत्रही लागत नाही.

निदान झाल्यावर वाचोपचारासाठी आठवड्यातून एक-दोनदा, कित्येक महिने जावे लागते. बोरिवलीहून वांद्र्यापर्यंत पश्चिम रेल्वे सरळ आहे. मुलुंडहून मात्र मध्य रेल्वेने दादर, तेथे गाडी बदलून वांद्रे आणि पुढे बस किंवा रिक्षा, असा कडेवरच्या मुलासह प्रवास होतो. २०१४ मध्ये वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाल्यावर घाटकोपरच्या पालकांची पूर्व-पश्चिम फेरी सुसह्य झाली. रोजंदारीवर जाणाऱ्या आईवडिलांना प्रत्येक खेपेस एक दिवसाची मजुरी सोडावी लागते. उपचार मध्येच सुटण्यामागे निष्काळजीपणापेक्षा हा हिशेब अधिक वेळा असतो. त्यामुळे उपचारकेंद्र घराजवळ असणे ही केवळ सोयीची बाब उरत नाही.

निदानानंतरचे उपचार

श्रवणयंत्र काही आठवड्यांच्या बाळालाही बसवता येते. बाळाचा कान झपाट्याने वाढत असल्याने यंत्राचा साचा पहिल्या वर्षात वारंवार बदलावा लागतो, अन्यथा तो सैल होऊन शिटी वाजते आणि कंटाळून यंत्र कपाटात जाते. मुंबईच्या पावसाळ्यातील दमटपणा यंत्रांचा शत्रू आहे. रात्री ते आर्द्रताशोषक खडे असलेल्या डबीत ठेवावे लागते.

तीव्र दोष असून श्रवणयंत्राचा लाभ होत नसेल, तर कर्णशंख रोपण, म्हणजे कॉक्लिअर इम्प्लांट, हा पर्याय असतो. केंद्र शासनाच्या ‘एडिप’ योजनेखाली पात्र कुटुंबांतील लहान मुलांना यासाठी अर्थसाहाय्य मिळते आणि योजनेच्या या भागाची मध्यवर्ती जबाबदारी वांद्र्याच्या राष्ट्रीय संस्थेकडे आहे. उत्पन्नाची व वयाची अट आहे. भाषा येण्यापूर्वीच श्रवण गमावलेल्या मुलांसाठी ती पाच वर्षे ठेवण्यात आली. चौथ्या वर्षी निदान झालेल्या मुलाचे कागदपत्रांतच वय सरते, ते या अटीमुळे. शस्त्रक्रिया झाली की मूल बोलू लागते, ही समजूत चुकीची आहे. रोपणानंतर मुलाला ऐकण्याची सवय नव्याने लावावी लागते आणि ते काम वर्षानुवर्षांचे असते. बाह्य यंत्राची दुरुस्ती व सुटे भाग यांचा खर्चही कुटुंबाला पेलावा लागतो.

उपचार ज्या भाषेत होतात, त्या भाषेच्या ध्वनिरचनेकडे लक्ष द्यावे लागते. उच्च वारंवारतेचे ध्वनी ऐकू न येणाऱ्या मुलाला ‘आ’, ‘ओ’ हे स्वर ऐकू येतात; ‘स’, ‘श’, ‘च’ निसटतात. ‘सात’, ‘हात’ आणि ‘आत’ हे तीन शब्द त्याला सारखेच भासू शकतात. हाक मारल्यावर वळून पाहणाऱ्या मुलाच्या वाचनलेखनात वेगळ्याच चुका दिसतात, त्यामागे असा अंशतः दोष असू शकतो. मराठीत लिंग-वचनाचे बरेचसे प्रत्यय स्वरान्त आहेत, त्यामुळे ‘मुलगा-मुलगी’ हा भेद कानांवर तुलनेने सहज पडतो. मात्र ‘घर’ आणि ‘घरात’ यांतील अंत्य ‘त’ क्षीण असतो. तो न ऐकणारे मूल विभक्तीच गमावून बसते.

यंत्र आणि वाणी हा एकच मार्ग नव्हे. भारतीय सांकेतिक भाषा ही स्वतंत्र व्याकरण असलेली पूर्ण भाषा असून कर्णबधिर समाजातील अनेक जण तिला आपली पहिली भाषा मानतात. यंत्राची वाट पाहण्यात मुलाची दोन-तीन वर्षे कोणत्याही भाषेविना जाणे, याला दोन्ही मतांच्या तज्ज्ञांचा विरोध असतो.

घरगुती प्रथा

बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते आणि ‘कुर्रर्र’ करते. हा विधी बाराव्या दिवशी, म्हणजे तपासणीच्या पहिल्या महिन्यातच येतो. त्याने अपाय काही नाही. ताट वाजवून, टाळी देऊन किंवा फटाक्याला बाळ दचकते का हे पाहून कान चांगले असल्याची खात्री करून घेणे मात्र फसवे आहे. अशा मोठ्या आवाजाला अंशतः बधिर बाळही प्रतिसाद देते, शिवाय त्याला टाळीची सावली दिसते आणि वारा लागतो. अंघोळीपूर्वी कानात कोमट तेल सोडण्याची पद्धत अजूनही अनेक घरांत आहे. कान-नाक-घसातज्ज्ञ ती टाळण्यास सांगतात, कारण त्याने नलिकेत बुरशी व संसर्ग वाढतो. मळ काढण्यासाठी हेअरपिन किंवा काडी घालण्यालाही हेच लागू आहे.

तपासणीनंतरची देखरेख

‘पास’ हा निकाल त्या दिवसापुरता असतो. काही आनुवंशिक दोष पुढे प्रकट होतात. मेंदूज्वर, गालगुंड किंवा वारंवार कान वाहणे यांमुळेही श्रवण घटते. आडवे निजवून बाटलीने दूध पाजल्यास मध्यकर्णाच्या संसर्गाची शक्यता वाढते. कान वाहणे हे ‘दात येत असल्याचे’ लक्षण नव्हे.

तिसऱ्या महिन्यात ओळखीच्या आवाजाने शांत होणे, सहाव्या महिन्यात आवाजाच्या दिशेने मान वळवणे, नवव्या-दहाव्या महिन्यात ‘बाबा’, ‘दादा’, ‘मामा’ अशी अक्षरे जोडून बडबडणे, वर्षाच्या सुमारास नावाला ओ देणे व एखादा अर्थपूर्ण शब्द बोलणे आणि दोन वर्षांपर्यंत ‘आई ये’, ‘दूध दे’ अशी द्विशब्दी वाक्ये करणे, हे स्थूलमानाने अपेक्षित टप्पे आहेत. एखादा टप्पा स्पष्टपणे चुकल्यास, जन्मवेळचा निकाल काहीही असला तरी, पुन्हा श्रवणचाचणी करणे इष्ट मानले जाते. ती कोणत्याही वयात करता येते.

संज्ञा

जुन्या मराठी लेखनात व संस्थांच्या नावांत ‘मूकबधिर’ किंवा ‘मुका-बहिरा’ हे शब्द आढळतात. श्रवणदोष असलेल्या बहुसंख्य मुलांच्या वाचेंद्रियांत कोणताही दोष नसतो. ऐकू न आल्यामुळे ती बोलणे शिकू शकलेली नसतात. म्हणून ‘कर्णबधिर’ हा शब्द रूढ झाला. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दोन्ही कानांत संभाषणाच्या वारंवारतांवर ७० डेसिबेल वा अधिक श्रवणऱ्हास असल्यास ‘कर्णबधिर’ आणि ६० ते ७० डेसिबेल असल्यास ‘ऐकू कमी येणारे’ अशी वर्गवारी आहे. ही मर्यादा प्रमाणपत्रासाठी आहे. बाळाच्या भाषाविकासाला याहून सौम्य ऱ्हासही बाधक ठरतो आणि त्यावरील उपचारांसाठी प्रमाणपत्राची गरज नसते.